काकूंना ‘येते’ म्हणालीस तेव्हा

चि. चिऊ,
अनेक आशीर्वाद.

रविवारी काकूंकडून निघताना तू सवयीने म्हणालीस, “काकू, येते.” मी तुझा हात दाबला. गाडीत तू विचारलंस, “आई, माझं काय चुकलं? ‘जाते’ म्हटलं की तूच रागावतेस ना?” तेव्हा बोलले असते तर रडू फुटलं असतं, म्हणून लिहून देते आहे.

तुझं काही चुकलं नाही. एरवी आपण ‘येते’च म्हणतो, पुन्हा यायचं असतं म्हणून. पण कुणी गेलेल्या घरी भेटायला गेलं की ‘येते’ म्हणत नाहीत. अशा कारणाने त्या घरी पुन्हा यायची वेळ येऊ नये. मुकाट्याने उठायचं, चपला घालायच्या. माझ्या आजीने मलाही असाच हात दाबून शिकवलं.

त्यातून ते दार काकांचं. आपण ‘येतो’ म्हटलं की “या, या” म्हणत लिफ्टचं दार मिटेपर्यंत उभे राहायचे.

सूतक भावकीला लागतं, १० दिवस. आपल्याला ते नाही, रक्ताचं नातंच नव्हतं. पण तू जन्मलीस त्या रात्री बाबा परगावी होते. काकांनी गाडी काढून मला दवाखान्यात नेलं आणि सकाळपर्यंत बाहेर बाकावर बसून राहिले. नर्सने विचारलं, तुम्ही कोण? म्हणाले, “बाळाचा काका.” बाळ अजून झालंही नव्हतं. घरासाठी त्यांनी दिलेले पैसे बाबांनी फेडले, तेव्हा हिशेबाचा कागद त्यांनी न उघडताच खिशात घातला.

रविवारी मी पिठलं-भात नेला. दुःखाच्या घरी चूल पेटवत नाहीत, मग आपल्या माणसांनी जेवण न्यायचं. तो स्टीलचा डबा काकांचाच, दिवाळीत चिवडा भरून आणलेला. रिकामा कसा परत करायचा, म्हणून आज-उद्या करत माझ्याकडेच राहिला होता. काकूंनी तो ओळखला. झाकणावरून नुसता हात फिरवला.

आणि तू ‘येते’ म्हणालीस तेव्हा त्या हळूच काय म्हणाल्या, ते तू ऐकलं नसशील. “ये गं.” इतक्या जणांमध्ये तेवढंच बोलल्या.

तेरावा होऊ दे. नंतरच्या शनिवारी आपण दोघी जाऊ. निघताना तूच म्हण, मोठ्याने.

तुझी,
आई