वास नळीतच मुरलेला असतो

प्रश्न : आमच्या शिडाच्या बोटीतलं शौचालय रोज धुतो, गळतीही नाही, तरी केबिनमध्ये घाण वास येतो. काय करावं?

उत्तर : माझ्याही बोटीत हेच झालं होतं आणि दोष शौचालयातला मैला वाहून नेणाऱ्या नळीचा निघाला. गरम पाण्यात पिळलेलं स्वच्छ फडकं नळीभोवती गुंडाळा, गार झालं की हुंगून पाहा. फडक्याला वास आला तर दुर्गंधी नळीत मुरली आहे. अशी नळी धुऊन सुधारत नाही, बदलाच. आधी बोटीच्या बुडाचा व्हॉल्व्ह बंद करा. नवी नळी मैल्यासाठी बनवलेलीच घ्या, बहुतेक बोटींवर ती आतून ३८ मिलिमीटर व्यासाची असते. टोक गरम पाण्यात बुडवलं की जोडावर चढतं. मुख्य म्हणजे नळीला झोळ नको, मैला तिथेच साचून राहतो.