मोहीम चुकली म्हणताना जवानाचा मान कसा राखावा?

प्रश्न : माझे वडील मराठा लाइट इन्फन्ट्रीतून निवृत्त झाले. भारतीय शांतिसेनेबरोबर ते दोन वर्षे श्रीलंकेत होते. आज वय झाले, तरी शेतात नव्याने उकरलेल्या मातीवर ते पाय ठेवत नाहीत. वळसा घालून बांधावरून जातात. सुरुंगांची ही सवय सुटत नाही, असे आई सांगते. कारगिल विजय दिनाच्या कार्यक्रमात गावच्या शाळेत मी चार शब्द बोलले आणि श्रीलंकेत फौज पाठवणे ही सरकारची चूक होती, असे त्यात म्हणाले. त्यावरून माझे चुलते भर सभेत उठले आणि "बापाच्या मेडलवर पाणी फिरवलंस" असे म्हणाले. वडील तेथेच बसले होते, पण काही बोलले नाहीत. घरी आल्यावर फक्त एवढेच म्हणाले, "हत्यारं गोळा करायची नि माघारी यायचं, एवढंच सांगितलं हुतं आम्हाला." माझे बोलणे खरोखर अपमानाचे होते काय?
– एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : नव्हते, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि आपल्या वडिलांचे घरी आल्यावरचे वाक्य मी त्याला आधार म्हणून घेतो. त्या एका वाक्यात मोहिमेचा सारा घोटाळा आला आहे.

29 जुलै 1987 रोजी कोलंबोत राजीव गांधी आणि राष्ट्राध्यक्ष जयवर्धने यांनी करारावर सह्या केल्या. दुसऱ्याच दिवशी मानवंदना स्वीकारताना एका श्रीलंकन नौसैनिकाने राजीव गांधींवर बंदुकीचा दस्ता उगारला. या कराराचे तेथे कसे स्वागत होणार आहे, हे खरे तर त्याच क्षणी दिसायला हवे होते. तमिळ अतिरेकी संघटनांकडून शस्त्रे जमा करून घेणे आणि शांतता राखणे एवढेच काम या करारानुसार श्रीलंकेत गेलेल्या आपल्या फौजेकडे, म्हणजे शांतिसेनेकडे, होते. ऑक्टोबरमध्ये ही फौज त्यांतल्याच लिट्टे या संघटनेशी उघड लढाईत उतरली होती, आणि लिट्टेच्या लोकांना आधीच्या काही वर्षांत भारतानेच प्रशिक्षण दिले होते. 11 ऑक्टोबरच्या रात्री जाफना विद्यापीठाच्या मैदानावर हेलिकॉप्टरमधून तेरा शीख लाइट इन्फन्ट्रीचे 30 जवान उतरवण्यात आले. वायरलेसवरचे बोलणे पकडून लिट्टेचे लोक आधीच दबा धरून बसले होते. त्या 30 जणांपैकी एकच जिवंत राहिला, तोही शत्रूच्या कैदेत. फौजेची शेवटची तुकडी 24 मार्च 1990 रोजी त्रिंकोमालीहून निघाली, तोवर सुमारे 1,200 भारतीय जवान मारले गेले होते. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत श्रीलंका सरकार आणि लिट्टे यांच्यात पुन्हा युद्ध पेटले, आणि पुढच्याच वर्षी, 21 मे 1991 रोजी, श्रीपेरुंबुदूर येथे लिट्टेने राजीव गांधींची हत्या केली.

हे सगळे समोर ठेवून कोणी मोहीम चुकली असे म्हटले, तर तो मोहीम ठरवणाऱ्यांबद्दल बोलतो आहे. या फौजेचे नेतृत्व केलेल्या अधिकाऱ्यांनीही निवृत्तीनंतर आखणीवर आणि राजकीय निर्णयांवर कडक टीका केलेली आहे. त्यांना कोणी सैन्यद्रोही म्हटल्याचे माझ्या ऐकिवात नाही. जमिनीवरून, समुद्रातून किंवा हवेतून, जेथे हुकूम होईल तेथे जाईन, अशी शपथ जवान भरतीनंतर घेतो. शिवाय सेवेत असताना राजकीय विषयावर जाहीरपणे बोलण्याची त्याला कायद्यानेच मनाई आहे. कोठे जायचे हे ठरवण्याचा आणि का जायचे हे विचारण्याचा, असे दोन्ही हक्क त्याने तुम्हा-आम्हा नागरिकांकडे सोपवलेले असतात. मग आपणही विचारले नाही तर विचारणारा उरतो कोण? चुलत्यांना राग आला तो मायेपोटी आला, हे मी समजू शकतो, पण लेकीने बापाच्या वतीने विचारलेल्या प्रश्नाला ते अपमान समजले, हे मला पटत नाही.

राहिला प्रश्न मेडलचा. मुंबईत जन्मलेले आणि तेथेच शिकलेले मेजर रामस्वामी परमेश्वरन आठ महार पलटणीत होते. 25 नोव्हेंबर 1987 च्या रात्री शोधमोहिमेवरून परतताना त्यांच्या तुकडीवर घात झाला. झटापटीत एका अतिरेक्याने त्यांच्या छातीत गोळी घातली. त्यांनी त्याच्याच हातातली रायफल हिसकावून त्याला ठार केले आणि प्राण जाईपर्यंत आपल्या जवानांना हुकूम देत राहिले. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले. कोलंबोतला करार शहाणपणाचा असता तर हे शौर्य वाढले असते काय, किंवा तो फसला म्हणून ते कमी झाले काय? त्या रात्री त्यांच्यासमोर अंधार होता, मागे आपली माणसे होती, आणि करारातली कलमे तेथून फार दूर होती. आपल्या वडिलांचे विदेश सेवा मेडलही असेच तोलावे लागेल, कारण ते त्यांच्या सेवेबद्दल दिलेले आहे, कोणाच्या परराष्ट्र धोरणाबद्दल नव्हे.

आपण सातारा जिल्ह्यातल्या आहात, म्हणून आणखी एक आठवण देतो. आपल्याच जिल्ह्यातले आपशिंगे गाव मिलिटरी आपशिंगे म्हणून ओळखले जाते. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे 46 जवान मारले गेले. मेसोपोटेमियात, आजच्या इराकमध्ये, पुणे डिव्हिजनबरोबर 103 आणि 110 या मराठा पलटणी कूट येथे अडकल्या. डिसेंबर 1915 पासून एप्रिल 1916 अखेरपर्यंत वेढा चालला, उपासमार झाली, आणि शेवटी सुमारे 13,000 सैनिक तुर्कांच्या हाती लागले. त्यांतले हजारो कैदेत मेले. ते युद्ध आपले होते असे आज महाराष्ट्रात कोणी म्हणणार नाही. ते साम्राज्याचे युद्ध होते आणि आमच्या माणसांना त्यात कोणी विचारले नव्हते. तरी आपशिंग्याच्या स्मारकासमोरून जाताना कोणाचीही मान आपोआप खाली झुकते. युद्धाला नकार आणि लढणाऱ्याला नमस्कार या दोन गोष्टी आपल्या खेड्यांनी शंभर वर्षे एकाच मनात बाळगल्या आहेत. त्यासाठी कोणाला कधी तत्त्वज्ञान शिकावे लागले नाही. योगायोग असा की, ती 103 मराठा म्हणजेच पुढची एक मराठा, आपली जंगी पलटण, आणि ती 1987 साली जाफन्याच्या लढाईतही होती.

या दोन गोष्टींची गल्लत झाली की काय होते, तेही याच मोहिमेत दिसले. फौज परतली तेव्हा तमिळनाडूचे मुख्यमंत्री करुणानिधी मद्रास बंदरावर स्वागताला गेले नाहीत. श्रीलंकेतल्या तमिळ नागरिकांच्या मृत्यूंबद्दलचा त्यांचा राग निराधार नव्हता, पण तो दिल्लीवर काढायचा सोडून बोटीतून उतरणाऱ्या जवानांवर निघाला. उलट, मोहिमेच्या बाजूची मंडळी गप्प बसली, आणि ते मला अधिक खुपते. मोहीम अडचणीची ठरली म्हणून ती लढलेली माणसेही अडचणीची झाली. कारगिलचा दिवस आपण पाळतो, तसा ऑपरेशन पवनचा, म्हणजे श्रीलंकेतल्या या मोहिमेचा, दिवस कित्येक वर्षे कोणी पाळला नाही. दिल्लीचे राष्ट्रीय युद्ध स्मारक 2019 साली झाले. त्याच्या कितीतरी आधी श्रीलंकेने कोलंबोजवळ आपल्या संसदेच्या परिसरात शांतिसेनेच्या मृतांची नावे दगडात कोरली होती, आणि 2015 साली भारताच्या पंतप्रधानांनी तेथे पुष्पचक्र वाहिले. म्हणजे ज्यांनी आपल्या फौजेला अखेर "जा" म्हटले, त्यांनी नावे आधी लिहिली. शाळेच्या त्या सभेत आपण श्रीलंकेचे नाव घेतले नसते, तर वडिलांच्या वाट्याला त्या दिवशी एक शब्दही आला नसता, हे चुलत्यांना शांतपणे सांगून पाहा.

प्रश्न : सैनिक हुकमाचा ताबेदार, म्हणून युद्धाचा दोष त्याच्यावर नाही, हे मान्य केले तर त्याने केलेल्या अत्याचारांचा दोषही कोणावरच राहत नाही. शांतिसेनेच्या बाबतीत जाफना रुग्णालयाचे काय? तेथेही "जवानांच्या पाठीशी" उभे राहायचे काय?
– महाविद्यालयीन विद्यार्थी, पुणे

उत्तर : तुमचा प्रश्न टोचणारा आहे आणि तो टाळून वरच्या उत्तराला काही अर्थ राहत नाही. 21 ऑक्टोबर 1987 रोजी, ऐन दिवाळीत, भारतीय जवान जाफन्याच्या मोठ्या रुग्णालयात शिरले आणि त्या दिवशी व दुसऱ्या दिवशी सकाळी झालेल्या गोळीबारात रुग्ण, परिचारिका, डॉक्टर असे साठाहून अधिक लोक मेले. रुग्णालयातून आपल्यावर गोळीबार झाला, असे फौजेचे म्हणणे होते; वाचलेल्या कर्मचाऱ्यांनी ते नाकारले. हात वर करून, आपण डॉक्टर असल्याचे सांगत पुढे आलेल्या माणसांवर गोळ्या झाडल्याचे त्यांनी सांगितले आहे. याच्या पाठीशी मी उभा नाही, आणि परमेश्वरन यांच्या नावाने याच्यावर पांघरूण घालणे हा तर परमेश्वरन यांच्यावर अन्याय ठरेल.

युद्धाला जायचे की नाही हा निर्णय जवानाचा नसतो, पण समोर हात वर करून उभ्या असलेल्या माणसावर बंदूक रोखायची की नाही, हा निर्णय त्या क्षणी त्याचाच असतो. आपल्या 1950 च्या सेना कायद्यातही वरिष्ठाचा "कायदेशीर" हुकूम मोडला तरच तो गुन्हा धरलेला आहे. ते एक विशेषण तेथे उगाच आलेले नाही. व्हिएतनाममध्ये 16 मार्च 1968 रोजी माय लाय या गावात अमेरिकन जवान निःशस्त्र गावकऱ्यांना मारत सुटले, तेव्हा ह्यू थॉम्प्सन नावाच्या त्यांच्याच एका वैमानिकाने आपले हेलिकॉप्टर जवान आणि गावकरी यांच्या मध्ये उतरवले आणि काही जणांना तेथून बाहेर काढले. त्या हत्याकांडाबद्दल पुढे लेफ्टनंट कॅली याला सैनिकी न्यायालयाने दोषी ठरवले, आणि थॉम्प्सन यांना मात्र पदक मिळायला 1998 साल उजाडावे लागले. सैन्याचा मान कोणी राखला, असे विचाराल तर मी थॉम्प्सन यांच्याकडे बोट दाखवीन. जवानांच्या पाठीशी उभे राहणे याचा अर्थ प्रत्येक जवानाच्या प्रत्येक गोळीच्या पाठीशी उभे राहणे, असा कोणी लावत असेल तर तो मला मान्य नाही, आणि ज्या फौजी माणसांना मी जवळून ओळखतो त्यांनाही तो मान्य नाही.

एक गोष्ट मात्र ध्यानात घ्या. ऑक्टोबरमध्ये जाफन्यात लढलेल्या जवानांना ऑगस्टमध्ये सांगितले होते की, तुम्ही येथल्या लोकांचे रक्षक आहात. धड नकाशे नाहीत, गल्लीबोळांत सुरुंग, आणि कोण नागरिक, कोण अतिरेकी हे कळण्याची सोय नाही, अशा ठिकाणी पलटणीच्या पलटणी ढकलल्या गेल्या. त्यामुळे रुग्णालयातला गुन्हा माफ होत नाही. पण आरोपींच्या यादीत फक्त गोळी झाडणाऱ्याचे नाव घालून, त्याला तेथे पाठवणाऱ्याला वगळणे, हे मला न्यायाचे वाटत नाही.

प्रश्न : युद्धावर टीका करायची तर ती संपल्यावर करावी. सीमेवर माणसे मरत असताना बोलल्याने त्यांचे मनोधैर्य खचते, असे आपल्याला वाटत नाही काय?
– निवृत्त शिक्षक, नाशिक

उत्तर : आदरणीय गुरुजी, 1962 साल आपल्याला माझ्यापेक्षा अधिक आठवत असेल. चीनचा हल्ला 20 ऑक्टोबरला सुरू झाला. लढाई चालू असतानाच वाजपेयी आणि इतर विरोधी सदस्यांनी संसदेचे अधिवेशन लवकर बोलावण्याची मागणी केली, आणि नेहरूंनी ती मानून 8 नोव्हेंबरला अधिवेशन घेतले. चर्चा बंद दाराआड व्हावी ही सूचना त्यांनी स्वीकारली नाही. त्यांच्याच पक्षातले खासदारही संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांच्यावर तुटून पडले. हिमालयाच्या थंडीत जवानांच्या अंगावर पुरेसे गरम कपडे का नाहीत, हातात जुन्या बंदुका का, हे प्रश्न त्या दिवसांत उघडपणे विचारले जात होते. मेनन यांना जावे लागले आणि यशवंतराव चव्हाण दिल्लीला गेले. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, हे वाक्य आपण अभिमानाने सांगतो, पण सह्याद्रीला धावायची वाट ज्या टीकेने मोकळी करून दिली ती टीका युद्ध चालू असतानाच झाली होती, हे सांगायचे विसरतो.

ते युद्ध चुकीचे आहे असे मात्र तेव्हा फारसे कोणी म्हणत नव्हते, हा फरक मी मान्य करतो; म्हणून युद्धालाच विरोध करणाऱ्याने लढाईच्या काळात शब्द तोलून वापरावेत, तुकड्यांच्या हालचालींविषयी बोलू नये, आणि ज्यांच्या घरचा माणूस सीमेवर आहे त्यांच्या दारात घोषणा देऊ नयेत, हेही मला मान्य आहे. पण गप्प बसावे, हे मान्य नाही. युद्ध संपल्यावर बोलू म्हणणाऱ्यांना पुढे कोणी बोलू देत नाही. 1962 च्या पराभवाची चौकशी करणारा हेंडरसन ब्रुक्स अहवाल 1963 साली सरकारच्या हाती आला, आणि तो सरकारने आजही प्रसिद्ध केलेला नाही.