इंग्लंडमधल्या टर्नरच्या शेडमध्ये जाताना

टर्नर म्हणजे लेथवर लाकूड फिरवून वस्तू घडवणारा कारागीर. त्याच्याकडे जायचं तर आधी ईमेल करा. तिथली वर्कशॉप बहुतेक गॅरेजमध्ये किंवा मागच्या अंगणातल्या शेडमध्ये असते, म्हणजे तुम्ही कुणाच्या तरी घरीच जाताय. दोन तासांची वेळ मागा, जास्त नको. ओळख नसेल तर ब्रिटनच्या टर्नर संघटनेशी जोडलेल्या स्थानिक क्लबमार्फत विचारा.

स्वतःचा चक (लाकूड पकडणारा शिकंजा) नेणार असाल तर लेथच्या स्पिंडलचा, म्हणजे चक बसतो त्या फिरत्या दांड्याचा, आटा आधी विचारा. तिथे मोठ्या लेथवर एम33 x 3.5 आणि लहान लेथवर पाऊण इंच, 16 टीपीआय (इंचाला 16 आटे) सर्रास दिसतो. आटा जुळला नाही तर चक नुसताच ओझं. गाउज (पन्हळीसारखी धारदार पटाशी) हँडबॅगेत ठेवलात तर सिक्युरिटीला काढून घेतील, चेक-इन बॅगेतच टाका.

बंद बूट, घट्ट बाह्या. अंगठी, ओढणी, हातमोजे नकोत. लेथ सुरू होताना फिरणाऱ्या लाकडाच्या रेषेत उभं राहू नका, बाऊल फुटला तर तुकडे त्याच रेषेत उडतात. टूल हातात दिलं तर आधी स्पीड बघा: आधीचं काम पेनचं असेल तर पट्टा जास्त वेगाच्या पुलीवरच राहिलेला असतो, आणि 25 सेंमीचा ओबडधोबड ठोकळा त्या वेगाला झेपत नाही.

खरं बघायचं ते धार लावायच्या ग्राइंडरपाशी. जिगमधून, म्हणजे धार लावताना गाउज धरणाऱ्या साच्यातून, तो किती बाहेर काढतात ते मोजा, कारण धारेचा कोन त्यावरही ठरतो. फोटो मात्र विचारूनच.

भेट म्हणून सावंतवाडीचं लाखकाम न्या. शिसवीचा कच्चा तुकडा नको. 2017 पासून शिसवीचा अख्खा वंश (डालबर्जिया) साइट्स या वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहे, कागदपत्रं लागतात. येताना ओलं लाकूडही आणू नका.