स्वतःची कादंबरी स्वतः प्रकाशित करताना ‘नाही’ कोण म्हणणार?

पहिली कादंबरी लिहून तयार आहे, दोन प्रकाशकांकडे पाठवून बरेच महिने लोटले तरी काही कळलेलं नाही. तेव्हा ती स्वतःच काढावी का, काढली तर काय मिळतं, काय हातचं जातं, आणि लेखक म्हणून आपली किंमत कमी होते का, असं तुम्ही विचारलंय. मी माझ्या सगळ्या कादंबऱ्या स्वतःच प्रकाशित केल्या आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

काढा, असंच मी म्हणेन. पण त्याआधी एका गोष्टीची सोय करा.

स्वयंप्रकाशनात काय गमावतो असं विचारलं, की लोक सांगतात: दुकानातली मांडणी, आगाऊ मानधन, मोठ्या प्रकाशनाचं नाव. हे सगळं खरं आहे, पण माझ्या मते सगळ्यात मोठं नुकसान वेगळंच आहे. ‘हे पुस्तक या अवस्थेत मी काढणार नाही’ असं म्हणण्याचा अधिकार असलेला माणूस तुमच्या बाजूला उरत नाही. प्रकाशनसंस्थेतला संपादक तुमच्या हस्तलिखितावर संस्थेचे पैसे लावत असतो. मधली शंभर पानं रेंगाळतात, असं तो म्हणाला की तुम्ही चिडता, चार दिवस अबोला धरता आणि मग मुकाट्याने ती पानं पुन्हा काढून बसता. स्वयंप्रकाशनात संपादक, मुखपृष्ठाचा चित्रकार, अक्षरजुळणी करणारा, सगळ्यांचे पैसे तुम्हीच देता. ही माणसं प्रामाणिक असतात, मन लावून काम करतात, पण ‘हे आणखी चांगलं कसं होईल?’ एवढाच प्रश्न त्यांच्यासमोर असतो. ‘हे बाहेर यावं का?’ हा प्रश्न त्यांना कुणी विचारलेलाच नसतो. आणि फाइल चढवायचं बटण तर रात्री दोन वाजतासुद्धा तयार असतं.

म्हणून तो नकार मुद्दाम उभा करावा लागतो. मी काय करते ते सांगते. हस्तलिखित पूर्ण झालं की आधी अशा वाचकाला देते ज्याला पुढच्या कुठल्याच कामाचे पैसे मिळणार नाहीत. वाचनाचे पैसे वेगळे आणि ते आधीच पूर्ण चुकते करते. त्याच्याकडून दुरुस्त्या मागत नाही, फक्त पत्र मागते: कुठे थांबावंसं वाटलं, कुठल्या पात्रावरचा विश्वास उडाला, आणि स्वतःचे पैसे असते तर हे पुस्तक काढलं असतं का? जो वाचक पुढे तुमचं संपादनही करणार आहे, त्याने ‘नको’ म्हटलं तर त्याचंच काम बुडतं, म्हणून ही दोन माणसं वेगळी हवीत. नातेवाईक आणि जिवलग मित्र यातून वगळा. त्यांना पुस्तक आवडलं की तुम्ही आवडता, हे त्यांनाही सांगता येत नाही.

संपादनातलं एक उदाहरण देते. माझ्या एका कादंबरीत दोन भाऊ आहेत आणि विकायला काढलेलं घर आहे. संपादिकेने एकाही ओळीला हात लावण्याआधी मला एक काम दिलं: प्रत्येक प्रकरणासाठी एकच ओळ लिहायची, या प्रकरणाच्या शेवटी आधीपेक्षा काय वेगळं झालं? मी यादी करून दिली. अकराव्या आणि बाराव्या प्रकरणासमोर जवळजवळ एकच ओळ होती: धाकट्याला कळतं की थोरला खोटं बोलतोय. अकराव्यात त्याला ते एका जुन्या पत्रातून कळत होतं, बाराव्यात शेजारच्या बाईंच्या बोलण्यातून. दोन्ही प्रकरणं माझी लाडकी होती, आणि त्या पत्राच्या भाषेवर तर मी अख्ख्या पुस्तकात सगळ्यात जास्त मेहनत घेतली होती. तिने दोन ओळींना पेन्सिलीने कंस घातला आणि समासात लिहिलं, ‘कुठलं?’ बाकी काही नाही. मी शेजारणीचं प्रकरण ठेवलं, पत्रातलं एक वाक्य तिच्या तोंडी दिलं, बाकी पत्र काढून टाकलं. आज ज्या वाचकांची मला पत्रं येतात, ते बहुतेक त्या शेजारणीबद्दल लिहितात.

हे मुद्दाम सांगते, कारण नवे लेखक ‘संपादन’ म्हणजे शुद्धलेखन तपासणं समजतात आणि तेवढ्यालाच पैसे देतात. आधी रचनेचं संपादन, मग वाक्यांचं, आणि मुद्रितशोधन, म्हणजे छपाईआधी अक्षरांच्या चुका शोधणं, अगदी शेवटी, पानं लावून झाल्यावर. हा क्रम उलटा झाला तर शुद्ध केलेली पानंच पुढे कापली जातात आणि खर्च दुप्पट होतो. हातात पैसे मर्यादित असतील तर जाहिरातीचे काढून संपादनाला द्या. जाहिरात पुढच्या वर्षीही करता येते.

आता ज्यातून बरेचजण पोळून निघतात ते. स्वयंप्रकाशन आणि ‘पैसे द्या, आम्ही छापतो’ या दोन गोष्टी एक नाहीत. पारंपरिक प्रकाशनात पैसा प्रकाशकाकडून लेखकाकडे येतो. स्वयंप्रकाशनात खर्च तुम्ही करता, पण हक्क, फाइली आणि विक्रीचा हिशोब तुमच्याकडेच राहतो. तिसऱ्या प्रकारात खर्च तुमचा आणि हक्क मात्र दुसऱ्याकडे. अशी ‘पॅकेजं’ देणाऱ्यांच्या करारात चार गोष्टी शोधा: हक्क किती काळ आणि कोणत्या स्वरूपांसाठी दिले जातायत, करार कसा मोडता येतो, छपाईच्या मूळ फाइली कुणाच्या, आणि आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, कुणाच्या नावावर. तेरा आकड्यांच्या या क्रमांकातला एक भाग प्रकाशकाची ओळख असतो, त्यामुळे तो दुसऱ्याच्या नावावर असेल तर नोंदीत प्रकाशक म्हणून तोच दिसतो. कागदी बांधणी, पुठ्ठा बांधणी आणि ई-पुस्तक यांना वेगवेगळे क्रमांक लागतात. किंडलवर, म्हणजे अ‍ॅमेझॉनच्या ई-पुस्तकांच्या सेवेवर, फक्त ई-पुस्तक काढायचं असेल तर आयएसबीएन नसला तरी चालतं, तिथे अ‍ॅमेझॉन स्वतःचा क्रमांक देतं.

छापील पुस्तकाचं काम मला मनापासून आवडतं, म्हणून त्यावर थोडं रेंगाळते. मुखपृष्ठ आधी पूर्ण करून घ्यायची घाई करू नका. पुस्तकाच्या कण्याची जाडी पानांवर आणि कागदावर ठरते. अ‍ॅमेझॉनच्या छपाईत क्रीम कागदाला प्रत्येक पानामागे ०.००२५ इंच धरतात, म्हणजे तीनशे पानांच्या कादंबरीचा कणा पाऊण इंच. पांढरा कागद थोडा पातळ असतो, त्यावर तीच कादंबरी जेमतेम ०.६८ इंच होते. शेवटच्या क्षणी कागद बदलला किंवा वीस पानं कमी झाली तर कण्यावरचं नाव सरकून पुढच्या बाजूला डोकावतं. आतला समासही जाडीबरोबर वाढवावा लागतो. दीडशे पानांपर्यंत ०.३७५ इंच पुरतो, तीनशेच्या पुढे गेलात की ०.६२५ लागतो, नाहीतर वाचकाला पुस्तक ताणून उघडावं लागतं. मुखपृष्ठाचं चित्र ३०० डीपीआयचं, म्हणजे एका इंचात ३०० ठिपके असलेलं, हवं आणि कडेने कापण्यासाठी ०.१२५ इंच जास्तीचं. देवनागरी मजकुराच्या पीडीएफमध्ये फॉन्ट आतच बसवलेला आहे ना, हे डोळ्यांनी तपासा. नाहीतर जोडाक्षरं फुटतात, आणि ती फुटलेली तुमच्या पडद्यावर दिसत नाहीत, छापून आल्यावर दिसतात.

नमुना प्रत मागवा आणि ती कागदावर वाचा. पडद्यावर वीस वेळा वाचलेलं वाक्य कागदावर अनोळखी दिसतं. मी ती मोठ्याने वाचते, हातात पेन घेऊन. संवाद खोटा असेल तर तो डोळ्यांआधी जिभेला कळतो.

सगळ्या प्रती एकदम छापून घ्याव्यात की मागणीनुसार, म्हणजे कुणी प्रत मागवली की तेवढीच छापायची, हा प्रश्न हिशोबाचा आहे. एकदम छापलं की प्रत स्वस्त पडते, पण पैसे आधी अडकतात आणि खोकी घरात राहतात. मागणीनुसार छपाईत प्रत महाग पडते, साठा मात्र शून्य. ओळखीचा वाचकवर्ग आधीच नसेल, तर पहिल्या कादंबरीला मी मागणीनुसारच सुचवेन.

टक्केवारीचे आकडे ऐकून हुरळून जाऊ नका. किंडलवर ई-पुस्तकाला ३५ किंवा ७० टक्के मिळतात, आणि ७० साठी किमतीची मर्यादा आणि इतर अटी असतात. शिवाय त्यातून फाइलच्या आकारानुसार पोचवणीचा खर्च वजा होतो, म्हणून आत जड चित्रं घालू नका. वर्गणीदार वाचकांसाठीच्या योजनेत पुस्तक टाकलं तर वाचलेल्या पानांप्रमाणे पैसे मिळतात, पण तेवढा काळ, एका वेळी ९० दिवस, ते ई-पुस्तक दुसरीकडे कुठेही विकता येत नाही. पारंपरिक कराराच्या तुलनेत हे आकडे मोठे दिसतात खरे. पण तिथे संपादन, चित्र, छपाई, वितरण यांचा खर्च प्रकाशक करतो, इथे तो तुमच्या वाट्याला येतो. पहिल्या पुस्तकातून घातलेले पैसे परत येतील असं धरून चालू नका. गेले तरी घर चालेल एवढेच पैसे घाला.

दुकानांबद्दल एवढंच: विक्रेत्याला मोठी सूट हवी असते आणि न खपलेल्या प्रती परत करण्याची मुभाही. एकट्या लेखकाला दोन्ही झेपत नाही, म्हणून तिथली वाट बहुधा बंदच असते. त्याचं मला वाईट वाटतं. कुणीतरी सहज चाळताना आपलं पुस्तक हाती लागावं, ही इच्छा काही केल्या जात नाही.

मग मिळतं काय? वेळ. दुकानातल्या पुस्तकाला खपायला थोडे आठवडे मिळतात, मग नवी येतात आणि ते मागे जातं. माझं पुस्तक कुणी मागे टाकत नाही. ते कधीच ‘आवृत्ती संपली’ होत नाही. दुसरी कादंबरी आली तेव्हा पहिलीला वाचक मिळाले, तिसरीच्या वेळी पुन्हा मिळाले. म्हणून पहिलीच्या शेवटच्या पानावर पुढच्या लेखनाची एक ओळ जरूर टाका, आणि विक्रीचे आकडे रोज बघण्यापेक्षा दुसरी लिहायला बसा.

दुसरी गोष्ट म्हणजे निर्णय घेण्याची मोकळीक, आणि तिची किंमत मला एका पत्रामुळे कळली. एका वाचक बाईंनी लिहिलं, की आईला दृष्टी कमी झाल्याने अक्षरं दिसत नाहीत, म्हणून त्या रोज रात्री तिला माझी कादंबरी वाचून दाखवतात, पण आईला ती स्वतः वाचायचीय. मी १८ पॉइंटच्या अक्षरात पानं नव्याने लावून घेतली, ओळींमधलं अंतर वाढवलं, समास मोकळे केले आणि मोठ्या अक्षरांची वेगळी आवृत्ती काढली. पुस्तक जाडजूड झालं, किंमत वाढली, आणि ते फार खपत नाही. पण यासाठी मला कुणाची बैठक घ्यावी लागली नाही, किती प्रती जातील याचं उत्तर द्यावं लागलं नाही. त्या आईंनी स्वतःच्या अक्षरात मला चार ओळी पाठवल्या. माझ्यासाठी या कामाचं तेवढं समाधान पुरेसं आहे.

पत कमी होते का, याबद्दल. मार्सेल प्रूस्त यांच्या महाकादंबरीचा पहिला खंड अनेक प्रकाशकांनी नाकारला आणि १९१३ मध्ये तो त्यांनी पदरचे पैसे देऊन प्रकाशित करवला. हे उदाहरण स्वयंप्रकाशित लेखक एकमेकांना धीर द्यायला सांगतात. मला त्यातली दुसरी बाजू जास्त महत्त्वाची वाटते. पैसे स्वतःचे, कुणी अडवणारं नाही, तरी त्यांनी मुद्रितं, म्हणजे छपाईआधी तपासायला येणारी पानं, आल्यावर त्यांवर इतके बदल केले की मजकूर पुन्हा पुन्हा जुळवावा लागला. वाचक पुस्तक हातात घेतो तेव्हा प्रकाशकाचं नाव क्वचितच बघतो. पहिलं पान मात्र तो वाचतोच. समीक्षक आणि पुरस्कार समित्या बघतात, काही ठिकाणी स्वयंप्रकाशित पुस्तकं घेतच नाहीत. तुमच्यासाठी ते महत्त्वाचं असेल तर प्रकाशकांकडे आणखी प्रयत्न करा, त्यात काहीच कमीपणा नाही.

शेवटी, त्या दोन प्रकाशकांचं. स्वतः प्रकाशित केलेली कादंबरी बहुतेक प्रकाशक पुन्हा घेत नाहीत, कारण प्रथम प्रकाशनाचा हक्क वापरून झालेला असतो. म्हणून आधी दोघांनाही एक आठवण करणारं पत्र पाठवा, उत्तरासाठी ठरावीक तारीख द्या, आणि ती उलटली तर हस्तलिखित मागे घेत असल्याचं लेखी कळवा. त्या तारखेपर्यंतचा वेळ रिकामा घालवू नका. कादंबरी एका अनोळखी, चोखंदळ वाचकाला द्या आणि ती कुठल्या पानावर खाली ठेवावीशी वाटली, एवढं विचारा.