चेक, चेक आणि चेक

प्रश्न : आपण बँकेत चेक भरतो, चेक्सचा शर्ट घालतो, तिकीट चेक करतो, डॉक्टरकडे चेकअप, हॉटेलात चेक-इन आणि बुद्धिबळात परत चेक! हा सगळा एकच शब्द आहे की उच्चार सारखा असलेले पाच-सहा वेगवेगळे शब्द आहेत? आणि बँकेच्या चेकच्या स्पेलिंगमध्ये तो क्यू कुठून घुसला? लेकीने विचारलं, म्हटलं तुम्हालाच विचारावं.
– एक वाचक

उत्तर : एकच शब्द आहे हो. आणि तुम्ही यादीत सगळ्यात शेवटी टाकलेला बुद्धिबळाचा चेक आहे ना, तोच बाकी सगळ्यांचा बाप.

आपलं चतुरंग इराणात गेलं, तिथे त्याचं चतरंग झालं, मग अरबांनी शतरंज केलं आणि त्यांच्यामार्फत तो खेळ युरोपात पोचला. समोरच्याच्या राजावर हल्ला आला की इराणी खेळाडू "शाह!" म्हणायचा, म्हणजे बाबा रे, तुझा राजा सांभाळ. हा शाह लॅटिन आणि जुन्या फ्रेंचमधून जाता जाता पार ओळखू येणार नाही इतका बदलला, फ्रेंचमध्ये एशेक का काहीसं झालं, इंग्रजांनी पुढचा ए खाऊन टाकला आणि उरला चेक. त्याच फ्रेंच शब्दाच्या अनेकवचनातून चेस आला, म्हणजे चेस आणि चेक हेही एकाच घरातले. मराठीने मात्र एवढा वळसा घेतलाच नाही, फारसीतला शब्द थेट उचलला, तोच आपला शह. अजून मागे गेलात तर शाह आणि संस्कृतमधलं क्षत्र यांचं मूळ एकच निघतं, राज्य करणे या अर्थाचं.

चेकमेट म्हणजे शाह मात. राजा मेला असा अर्थ बरेच जण सांगतात, पण बुद्धिबळात राजा मरतच नाही, तो फक्त अडकतो, त्यामुळे फारसीतला हतबल, निरुपाय झालेला हा अर्थच जास्त पटतो. आपण कुणावर मात करतो ती हीच मात. इंग्रजीत मित्राला मेट म्हणतात त्याचा इथे काही संबंध नाही, तो जर्मन बाजूचा शब्द, एका ताटात जेवणारा अशा अर्थाचा.

आता इथून दोन फांद्या फुटतात, तेवढं लक्षात ठेवलं की बाकीचं आपोआप सुटतं.

पहिली फांदी धोक्याची. राजाला शह बसला की बाकी सगळे बेत बाजूला ठेवून आधी त्याचं बघावं लागतं, म्हणजे खेळ एकदम अडतो, म्हणून चेक म्हणजे अडवणं, रोखणं, लगाम घालणं. आइस हॉकीत समोरच्याला अंगाने धडक देऊन अडवतात त्याला चेकच म्हणतात, आणि राज्यघटनेबद्दल बोलताना चेक्स अँड बॅलन्सेस म्हणतात तिथेही सत्तेला लगाम असाच अर्थ आहे, तपासणी नाही. मग अडवण्यावरून नियंत्रण ठेवणं आलं, आणि नियंत्रण ठेवायचं तर हिशोब ताडून बघायला लागतो, त्यामुळे हळूहळू तपासणं हा अर्थ चिकटला आणि आज तोच सगळ्यात जास्त चालतो. तिकीट चेक, चेकअप, चेकपोस्ट सगळे इथलेच. चेकपोस्टवर तर दोन्ही अर्थ एकदमच दिसतात, आधी अडवतात मग तपासतात! अनचेक्ड या शब्दाचीही तीच गंमत, मोकाट सुटलेला पण अनचेक्ड आणि न तपासलेला पण अनचेक्ड.

दुसरी फांदी पटाची, आणि मला विचाराल तर खरी मजा इथे आहे. जुन्या फ्रेंचमध्ये बुद्धिबळाच्या पटाला याच शब्दावरून नाव पडलं, तसल्या चौकड्यांच्या कापडाला इंग्रजीत चेक्स म्हणायला लागले, तुमचा शर्ट झाला. पण त्याच पटावरून इंग्लंडच्या सरकारी खजिन्याचं नाव एक्सचेकर पडलं, तिथला अर्थमंत्री आजही चान्सलर ऑफ द एक्सचेकर म्हणवतो. का, तर बाराव्या शतकात राजाचा वसूल मोजायला एक मोठं टेबल होतं, 10 फूट लांब, 5 फूट रुंद, वरचं काही घरंगळू नये म्हणून कडेने चार बोटं उंच काठ, आणि त्यावर रेघा मारलेलं काळं कापड. रोमन आकड्यांत बेरीज-वजाबाकी करून बघा एकदा, डोकं धरून बसाल. म्हणून त्या कापडावर पेन्स, शिलिंग, पौंड, मग विसाचे, शंभराचे, हजाराचे असे रकाने धरायचे आणि त्यात सोंगट्या मांडायच्या, शेरीफने, म्हणजे राजाचा वसूल गोळा करणाऱ्या अधिकाऱ्याने, किती भरायचे होते ते एका ओळीत, किती भरले ते दुसऱ्या ओळीत, आणि वजा करत जायचं. निरक्षर माणसालाही समोर दिसायचं की बाकी किती. तेव्हाचा खजिनदार रिचर्ड फिट्झनील याने हे सगळं लिहून ठेवलंय आणि वर म्हणतो की नाव शोभतंच, कारण बुद्धिबळात दोन राजे लढतात तसे इथे खजिनदार आणि शेरीफ लढतात. वसुली अधिकाऱ्याची ती अवस्था वाचून आपल्यालाच घाम फुटतो.

आता तुमचा क्यू. बँकेचा चेक हा मुळात पहिल्या फांदीचा, तपासणीवाला. अठराव्या शतकात पैसे द्यायच्या कागदाचा एक तुकडा ताडून बघायला मागे ठेवायचे, कुणी खाडाखोड किंवा खोटा कागद केला तर पकडता यावा म्हणून, त्या तुकड्याला चेक म्हणायचे, आपण ज्याला स्थळप्रत म्हणतो ते. पुढे नाव तुकड्यावरून अख्ख्या कागदाला लागलं. स्पेलिंग साधंच होतं, पण पैशाचा मामला आणि समोर एक्सचेकरसारखं भारदस्त नाव, त्याच्या प्रभावाने ब्रिटिशांनी क्यू लावला. अमेरिकन लोकांनी काही लावला नाही, ते अजून साधं सी-के लिहितात, आणि वर हॉटेलच्या बिलालाही चेक म्हणतात. तेव्हा लेक अमेरिकन पुस्तकातून शिकत असेल तर तिचं स्पेलिंग चुकलेलं नाही, कापू नका मार्क.

तिथलाच अजून एक, रेन चेक. 1880 च्या दशकात बेसबॉलची मॅच पावसाने बंद पडली तर प्रेक्षकांना पुढच्या मॅचचं तिकीट मिळायचं, ते रेन चेक. आता कुणी जेवायला बोलावलं आणि जमत नसेल तर लोक रेन चेक घेतात, म्हणजे आत्ता नाही पण पुढच्या वेळी नक्की.

आणि पुढचा प्रश्न येणारच म्हणून आधीच सांगतो, चेक प्रजासत्ताक यातला नाही. ते तिथल्या लोकांचं स्वतःचं स्लाव नाव, इंग्रजीतलं त्याचं विचित्र स्पेलिंग पोलिश पद्धतीचं, आणि त्याचा ना शहाशी संबंध ना शर्टाशी.