रोल बंद झाला, कॅमेरा चालू आहे : वाचकांचे प्रश्न

या वेळच्या बहुतेक पत्रांतली अडचण एकच आहे. फिल्मचा जुना कॅमेरा ठणठणीत आहे, पण त्याच्या मापाचा रोल आता निघत नाही. उत्तरांआधी एक कळकळीची विनंती : जुन्या कॅमेऱ्यात रिकामे रीळ किंवा रोलचा कागद (फिल्मच्या पाठीशी गुंडाळलेला, आकडे छापलेला) सापडला तर तो टाकून देऊ नका. पुढच्या काही उत्तरांत त्याची गरज लागणार आहे.

प्रश्न : माझ्या बॉक्स कॅमेऱ्याच्या झाकणात ‘६२० फिल्म’ असे छापले आहे. १२० चा रोल अगदी थोडक्यासाठी अडतो. रीळ घासून बसवावे का?

उत्तर : फिल्म दोन्हींत तीच, ६ सेंटिमीटरहून किंचित रुंद. फरक फक्त रिळात आहे. कोडॅकने १२० चे माप १९०१ मध्ये आणले आणि १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला तीच फिल्म बारीक दांड्याच्या, लहान चकत्यांच्या रिळावर गुंडाळून ६२० म्हणून विकली. हा रोल १९९५ मध्ये बंद झाला.

प्लॅस्टिकच्या चकत्यांची कड कापून, पॉलिश पेपरने घासून १२० चा रोल काही कॅमेऱ्यांत बसतो. पण प्लॅस्टिकचा कीस फिल्मवर बसून ओरखडे पडतात, आणि रीळ घट्ट फिरले तर कागद फाटतो. शिवाय रिकाम्या बाजूला ६२० चेच रीळ लागते, कारण गुंडाळायच्या चावीचे टोक १२० च्या खाचेत नीट बसत नाही. त्यामुळे रोल ६२० च्या रिळावर उतरवून घेणेच चांगले. त्यासाठी ६२० ची दोन रिळे हवीत : एक भरायला, दुसरे कॅमेऱ्यात.

पूर्ण अंधाऱ्या खोलीत किंवा चेंजिंग बॅगेत (हात आत घालून काम करायच्या, उजेड न शिरणाऱ्या पिशवीत) १२० चा रोल आधी १२० च्याच रिकाम्या रिळावर उलटा गुंडाळा. आता कागदाचे शेपूट बाहेर आले. ते ६२० च्या खाचेत घाला आणि कागद ताणून धरत गुंडाळायला लागा. दोन-चार वेढ्यांनंतर फिल्मचे सुटे टोक हाताला लागेल. ते कागदाच्या आतल्या बाजूला, दोन्ही चकत्यांच्या मधोमध सरळ सरकवा. शेवटी फिल्म जिथे चिकटपट्टीने कागदाला जोडलेली असते तिथे फुगवटा येतो. रीळ बदलले की वेढ्यांचा घेर बदलतो, म्हणून कागद आणि फिल्म यांची लांबी जुळत नाही. हा फुगवटा दाबून पुढे गुंडाळू नका, फिल्म चुरगळते. चिकटपट्टी सोडवा, फिल्म सपाट करा, पुन्हा चिकटवा. पट्टी सावकाश सोडवा, कारण झटका दिला तर चिकट बाजू सुटताना अंधारातही क्षीण उजेड पडतो आणि फिल्मवर डाग उठू शकतो.

ढिला गुंडाळलेला रोल दोन्ही कडांनी उजेड खातो. आधी उजेडात एखाद्या वाया गेलेल्या रोलवर तीन-चार वेळा हात बसवून घ्या. आणि फिल्म धुवायला देताना ६२० चे रीळ परत हवे असे पाकिटावर ठळक लिहा.

प्रश्न : ६१६ च्या घडीच्या कॅमेऱ्यात १२० बसवायचे अ‍ॅडॉप्टर मिळाले. पण फोटो एकावर एक आले, काही ठिकाणी धूसर आहेत.

उत्तर : यात दोन वेगळे दोष आहेत.

११६ आणि ६१६ ची फिल्म ७० मिलिमीटर रुंद होती. दोन्ही मापे १९८४ मध्ये बंद झाली. चौकट, म्हणजे फिल्मवर उजेड पडतो तो उघडा भाग, अडीच बाय सव्वाचार इंच, म्हणजे सुमारे ६४ बाय १०८ मिलिमीटर. १२० ची फिल्म चौकटीच्या उघड्या भागापेक्षाही अरुंद आहे. तिला कडेला टेकायला जागा नसल्याने ती पुढे झुकते आणि फोकस जातो. चौकटीच्या दोन्ही लांब कडांना काळ्या, पातळ, गुळगुळीत कार्डाच्या पट्ट्या आतून चिकटवून उघडा भाग ५६ मिलिमीटरवर आणा. पट्टीची कड फिल्मला खरवडणार नाही ना, हे बोट फिरवून पाहा.

फोटो एकावर एक येण्याचे कारण कागदावरचे आकडे. १२० च्या कागदावर फोटोच्या तीन मापांसाठी (सेंटिमीटरमध्ये) आकड्यांच्या तीन ओळी असतात : एका कडेला ६×९ ची, मधे ६×६ ची, दुसऱ्या कडेला ६×४.५ ची. हे आकडे ज्यातून दिसतात ती कॅमेऱ्याच्या पाठीवरची लाल खिडकी मध्यभागी असेल तर तिथे ६×६ चे आकडे दिसतात, आणि एकेक आकडा पुढे नेला की फिल्म ६ सेंटिमीटरच्या आसपासच सरकते. तुमची चौकट जवळजवळ ११ सेंटिमीटर आहे. म्हणून दर वेळी दोन आकडे पुढे जा. एका रोलवर ६ फोटो धरून चाला.

पहिला फोटो कुठे घ्यायचा हे अंदाजाने ठरवू नका. वापरलेल्या १२० रोलचा कागद घ्या. फिल्म चिकटवल्याची खूण त्यावर दिसतेच; तिथे रेघ मारा आणि तिथून ८२ सेंटिमीटरवर दुसरी. कागद अ‍ॅडॉप्टरसकट कॅमेऱ्यात चढवा. झाकण उघडे ठेवून पहिली रेघ चौकटीची गुंडाळायच्या बाजूची कड ओलांडून १ सेंटिमीटर पुढे जाईपर्यंत फिरवा. मग झाकण लावून खिडकीत काय दिसते ते टिपा. आकडाच दिसेल असे नाही, एखादा ठिपका किंवा बाणही असेल. तीच तुमची सुरुवात. असेच पुढे जात, दुसरी रेघ चौकटीत शिरण्याआधी किती फोटो बसतात ते मोजा. हा तक्ता एकदा करून झाकणाच्या आत चिकटवला की काम कायमचे झाले.

गुंडाळायच्या बाजूला मूळ ६१६ चे रीळ वापरत असाल तर लक्षात ठेवा, अरुंद कागद आणि चकत्या यांच्यात फट राहते. असा रोल अंधारातच काढा.

प्रश्न : लाल खिडकीतून फिल्मवर गोल डाग येतो. काच बदलावी का?

उत्तर : काच बहुधा निर्दोष आहे. ती ज्या काळात बसवली तेव्हाच्या पुष्कळ फिल्मना लाल उजेड दिसत नसे. आजची पॅनक्रोमॅटिक फिल्म लाल रंगही टिपते. खिडकीवर काळ्या चिकटपट्टीची झडप लावा, फिल्म पुढे नेताना सावलीत क्षणभर उघडा आणि लगेच मिटा. ४०० आयएसओऐवजी (हा आकडा जितका मोठा तितकी फिल्म कमी उजेडातही टिपते) १०० ची फिल्म घातली तर धोका आणखी कमी. बॉक्स कॅमेऱ्याला भर उन्हात १०० पुरते.

प्रश्न : १२७ च्या कॅमेऱ्यासाठी काय करावे?

उत्तर : ही फिल्म ४६ मिलिमीटर रुंद. १२० ची फिल्म अंधारात त्या रुंदीला कापून जुन्या १२७ च्या कागदावर चिकटवायची. जुना कागद असेल तर आकड्यांचा प्रश्नच उरत नाही. मात्र त्यावर फिल्म सुरू होण्याची आणि संपण्याची जागा आधी मोजून ठेवा. कापायची पाती साच्यात पक्की बसवलेली असावीत. कात्रीने कापलेली कड वाकडी होते आणि रोल चकत्यांत अडकतो.

प्रश्न : घडीच्या जुन्या कोडॅकवर अ‍ॅपर्चरचे (लेन्सच्या भोकाचे) आकडे ४, ८, १६, ३२, ६४ असे आहेत. ४ वर उन्हात घेतलेला फोटो फार काळोखा आला. शटर बिघडले का?

उत्तर : शटरवर संशय घेण्याआधी आकडे तपासा. ही ‘युनिफॉर्म सिस्टिम’ आहे, आजचे एफ आकडे नव्हेत. तिचे ४ म्हणजे एफ ८, ८ म्हणजे एफ ११, १६ म्हणजे एफ १६, ३२ म्हणजे एफ २२, ६४ म्हणजे एफ ३२. फक्त १६ दोन्हींत जुळतो. तुम्ही ४ ला एफ ४ समजून शटरचा वेग ठरवला, म्हणून फिल्मला चौथा हिस्साच उजेड मिळाला. खात्री करायची तर लेन्सचे फोकल अंतर भोकाच्या व्यासाने भागा : १३० मिलिमीटरची लेन्स आणि १६ मिलिमीटरचे भोक असेल तर उत्तर ८ च्या जवळ येते.

प्रश्न : विकत घेतलेल्या कॅमेऱ्यात अर्धवट वापरलेला रोल निघाला. त्यातून काही मिळेल का?

उत्तर : मिळू शकते, म्हणून झाकण उघडू नका. खिडकीत कागद दिसेनासा होईपर्यंत सावकाश गुंडाळा आणि अंधारात काढून पट्टीने बांधा. कृष्णधवल फिल्म, विशेषतः कोडॅकची व्हेरिक्रोम पॅन, दशकानुदशके चित्र धरून ठेवते. जुनी रंगीत निगेटिव्ह, म्हणजे सी-२२ प्रक्रियेची, आजच्या सी-४१ प्रक्रियेत टाकू नका. ते रसायन ३८ अंशांवर चालते आणि त्या उष्णतेत जुना थर सुटू शकतो. ती २० अंशांच्या आसपास कृष्णधवल म्हणून धुवा. रंग येणार नाहीत, पण चेहरे येतील. एचसी-११० सारखा डेव्हलपर (चित्र उमटवणारे रसायन) आणि त्यात थोडे बेंझोट्रायझोल घेतले तर जुनाट फिल्मची धूसरता आटोक्यात राहते. कागदावरचे आकडे चित्रात उमटलेले दिसले तर तो धुणाऱ्याचा दोष नव्हे. शाईचा परिणाम वर्षानुवर्षे फिल्मवर झालेला असतो आणि तो धुऊन जात नाही.

प्रश्न : भात्याचा कॅमेरा रोल घातल्यावर कधी स्पष्ट, कधी अस्पष्ट फोटो देतो. फोकस मोजून ठेवतो तरीही.

उत्तर : भाता झटक्याने उघडला की आत हवा ओढली जाते आणि फिल्म चौकटीतून पुढे फुगते. आधी भाता हळू उघडा, नंतर फिल्म पुढच्या आकड्यावर न्या, मग फोटो घ्या. फिल्म आधीच सरकवून कॅमेरा मिटून ठेवण्याची सवय असेल तर ती सोडा. याच निमित्ताने अंधाऱ्या खोलीत भात्याच्या आत बारीक टॉर्च धरून घड्यांचे कोपरे तपासा. उजेडाचे ठिपके दिसले तर काळ्या फॅब्रिक रंगाचे दोन पातळ हात द्या आणि भाता पूर्ण उघडा ठेवून रात्रभर वाळू द्या. ओला मिटला तर घड्या एकमेकींना चिकटतात.