लातूरहून गणपतीपुळे गाडीने: घाट उजेडात, समुद्र तिथी बघून

तुम्ही विचारलंय की दिवाळीच्या सुट्टीत लातूरहून स्वतःच्या गाडीने गणपतीपुळ्याला जायचंय, सोबत सत्तरीतले आई-वडील आणि दोन लेकरं आहेत, घरात कुणीच अजून समुद्र पाहिलेला नाही. तर एका दिवसात पोचणं होईल का, आणि समुद्रात उतरलेलं चालेल का.

एका दिवसात पोचता येतं, पण तसं करू नका. कोल्हापूरला मुक्काम करा. आणि समुद्रात गुडघ्याच्या वर पाणी येईल इतकं कुणीही, तुम्हीसुद्धा, आत जाऊ नका. आता हे का म्हणतोय ते सांगतो.

आम्ही औशाचे. घरच्या म्हाताऱ्या माणसांना आणि लेकरांना घेऊन ह्याच रस्त्याने आमचं जाणं-येणं असतं. अंतर पाचशे किलोमीटरच्या आसपास आहे, पण आपल्याकडच्या माणसाला अंतराचा त्रास होत नाही. नांदेड, पुणे, संभाजीनगर असं लांबलांब गाडी हाकायची आपल्याला सवय आहे. सवय नसते ती दोनच गोष्टींची, घाटाची आणि समुद्राची. एका दिवसात जायचं ठरवलं की घाट नेमका अंधारात आणि दमलेल्या अंगाने उतरावा लागतो.

रस्ता सोपा आहे. लातूर, औसा, तुळजापूर, सोलापूर, तिथून मंगळवेढा, सांगोला, मिरज, कोल्हापूर. हाच रत्नागिरी-नागपूर महामार्ग. पहाटे पाचला निघालात तर नाश्ता सोलापूरच्या पुढे आणि दुपार टळायच्या आत कोल्हापूर. तुळजापूर वाटेतच आहे, आई म्हणतील दर्शन करून पुढे जाऊ. सुट्टीत तिथल्या रांगेत किती वेळ जाईल ह्याचा भरवसा नाही, म्हणून भवानीचं दर्शन परतीला ठेवा आणि जाताना कोल्हापूरला अंबाबाईचं करा. साडेतीन पीठांतली दोन एकाच वाटेवर पदरात पडतात, हे त्यांना आधीच सांगितलं तर त्या खुशीने ऐकतील. आमच्या घरी तरी ऐकलं.

मिरज आलं की लेकरांना जागं करा. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला रेल्वेने पाणी आलं ते ह्याच मिरजेहून. तुमची लेकरं तेव्हा लहान असतील किंवा जन्मलीही नसतील, पण तुम्ही घागरी घेऊन रांगेत उभे राहिला असाल. तिथून पुढे कृष्णा ओलांडताना गाडी जरा हळू घ्या आणि त्यांना पाणी दाखवा. आपल्या लेकरांना हे ठाऊक असायला हवं असं मला मनापासून वाटतं.

दिवाळीच्या सुमाराला सांगली-कोल्हापूर भागात कारखान्यांचे गाळप हंगाम सुरू व्हायला लागतात. उसाने भरलेले ट्रॅक्टर, मागे दोन-दोन ट्रॉल्या, बऱ्याचदा मागे दिवा नाही. शिवाय ऊसतोडीच्या बैलगाड्या. अंधारात त्या अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाहीत. त्या गाड्यांवर बीड-परळी-केजकडची आपलीच माणसं असतात, लेकराबाळांसकट. म्हणूनही सांगतो, मिरज-कोल्हापूरचा पट्टा दिवसाउजेडी पार करा आणि ट्रॉलीच्या मागे घाई करू नका.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोल्हापूरहून मलकापूर, आंबा, साखरपा, पाली, हातखंबा, निवळी आणि तिथून जाकादेवीवरून गणपतीपुळे. हे दीडशे किलोमीटरच्या आतबाहेर आहे, पण चार-साडेचार तास धरा. ह्या रस्त्याच्या चौपदरीकरणाची कामं गेली काही वर्षं चालू आहेत, तेव्हा निघायच्या आदल्या दिवशी मुक्कामाच्या ठिकाणी रस्त्याची चौकशी करा. टाकी कोल्हापुरातच भरून घ्या.

आंबा घाटाबद्दल नीट सांगतो. आंबा गाव सुटलं की उतार लागतो आणि एका बाजूला थेट दरी. आपल्याकडचे बरेच जण इथे ब्रेकवर पाय ठेवूनच गाडी उतरवतात. मग ब्रेक तापतात, जळका वास येतो, आणि तसंच रेटलं तर ब्रेक धरेनासे होतात. ज्या गिअरमध्ये घाट चढायचा त्याच गिअरमध्ये उतरायचा. दुसऱ्या गिअरमध्ये गाडी स्वतःच इंजिनाच्या जोरावर अडून राहते, ब्रेक मधूनमधून दाबायचा आणि सोडायचा. गिअर काढून, न्यूट्रलवर गाडी सोडणं तर अजिबात नको. वळणावर हॉर्न द्या, आणि समोरून चढणारी गाडी आली तर तिला आधी जाऊ द्या. चढणाऱ्याचा हक्क पहिला, हा नियमच आहे. सकाळी लवकर धुकं असतं, म्हणून कोल्हापूर सातच्या पुढे सोडलं तरी हरकत नाही.

लेकरांना घाटात उलट्या होतात. निघताना पुरी-भाजी, मिसळ असलं तेलकट देऊ नका. आम्ही घरून दशम्या, धपाटे आणि कोरडी शेंगदाण्याची चटणी नेतो, तेवढं पुरतं. काचा थोड्या खाली, नजर समोर रस्त्यावर, मोबाईल बंद. मोबाईलमध्ये मान घालून बसलेलं लेकरू पहिल्याच चार वळणांत हैराण होतं.

आता समुद्र. इथे मी हात जोडून सांगतो. आपल्यातले बरेच जण पाठीला डबा बांधून विहिरीत पोहायला शिकलेत. त्यांना वाटतं, मला पोहता येतं, मला काय भीती. पण विहिरीचं पाणी माणसाला कुठे ओढून नेत नाही. गणपतीपुळ्याचा किनारा दिसायला देखणा आहे आणि पाण्याला फार धोक्याचा. तिथे दरवर्षी पर्यटक बुडाल्याच्या बातम्या येतात.

तुम्ही स्वतः एकदा घोट्याइतक्या पाण्यात उभे राहून बघा. लाट पायावरून आत येते तेव्हा काही वाटत नाही. ती परत फिरते तेव्हा टाचेखालची वाळू निघून जाते, टाच खाली बसते, आणि तोल मागे जातो. दुसऱ्या लाटेला टाच आणखी खोल. नुसत्या घोट्याइतक्या पाण्यात हे होतं, तर कमरेइतक्या पाण्यात काय होईल? आणि कुणी ओढीत सापडलंच तर किनाऱ्याकडे तोंड करून जोर लावायचा नाही, माणूस दमतो आणि तिथंच बुडतो. किनाऱ्याला समांतर, आडवं पोहत त्या ओढीतून बाहेर पडायचं आणि मग बाजूने काठाला लागायचं. लेकरू ओढलं गेलं तर त्याच्या मागे सगळ्या घराने उडी घेऊ नये. जीवरक्षकांना हाक द्या, दोरी, ट्यूब, रिकामा कॅन, जे तरंगेल ते फेका.

भरती-ओहोटीचा हिशेब पंचांगावरून काढता येतो. कोकणातली जुनी रीत आहे: तिथीची पाऊणपट करा, तेवढ्या वाजता पूर्ण भरती. पंचमी असेल तर पाचाची पाऊणपट पावणेचार, म्हणजे पावणेचारच्या सुमाराला भरती, दिवसा एक आणि रात्री एक. साधारण सहा तासांनी ओहोटी. अंदाज आहे, तासभर इकडेतिकडे होतं, पण कामाचा आहे.

लक्ष्मीपूजन अमावास्येचं, म्हणजे दिवाळीत समुद्राला उधाण असतं. पाणी नेहमीपेक्षा जास्त वर चढतं आणि जास्त जोरात मागे जातं. त्या दिवसांत भरती दुपारी अकरा ते एकच्या दरम्यान येते. म्हणजे जेवण आटोपून, आराम करून दोन-तीनला सगळे पर्यटक पाण्यात उतरतात तेव्हा पाणी आत ओढून नेत असतं. नेमकी हीच वेळ टाळा. पाडवा-भाऊबीजेला संध्याकाळी पाच-सहाला ओहोटी पूर्ण होत आलेली असते, किनारा लांबवर मोकळा पडतो, लेकरांना ओल्या वाळूत हुंदडायला जागा मिळते आणि सूर्यास्तही तेव्हाच. आई-वडिलांना खुर्ची टाकून बसवा. अंधार पडला की पाणी परत चढायला लागतं, तेव्हा सगळ्यांना घेऊन वर या. गाडी वाळूत नेऊ नका. चाकं रुतली आणि पाणी चढलं तर गाडी गेलीच समजा.

देवळाचं म्हणाल तर तिथे प्रदक्षिणा गाभाऱ्याला नसते, टेकडीलाच असते, किलोमीटरभराची. वाट बांधलेली आहे, पण अनवाणी चालायची म्हटलं की दुपारी फरशी पोळते. वडिलांचे गुडघे दुखत असतील तर सकाळी लवकर जा, वाटेत बसत बसत होते. नाहीच जमलं तर नुसतं दर्शन पुरे, देव काही रागावत नाही.

आई-वडिलांना एक गोष्ट जड जाईल, भाकरी. तिकडं भात आणि तांदळाची भाकरी. मऊ असते, चांगली लागते, पण दोन दिवसांनी ज्वारीची आठवण येतेच. घरगुती मुक्कामाच्या ठिकाणी आधी विचारून ज्वारीचं पीठ सोबत न्या, बहुतेक घरांत आनंदाने थापून देतात किंवा चूल वापरू देतात. तुम्हाला मासे चालत असतील तर सुरमई खाऊन बघा, नसतील तर सोलकढी आणि उकडीचे मोदक आहेतच.

एक दिवस जास्त असेल तर आरे-वारेच्या रस्त्याने रत्नागिरीला जा. तो रस्ता वरून समुद्र दाखवतो, आणि ज्यांना खाली वाळूत चालता येत नाही त्यांना गाडीत बसून सगळं दिसतं. रत्नागिरीत थिबा राजवाडा बघा. ब्रह्मदेशाचा राजा थिबा, इंग्रजांनी १८८५ मध्ये त्याचं राज्य घेतलं, त्याला इथे आणून ठेवलं. १९१० मध्ये हा वाडा बांधून झाला आणि १९१६ मध्ये तो इथेच वारला. माझ्या वडिलांनी समुद्रापेक्षा ह्या राजाबद्दल जास्त प्रश्न विचारले. जयगडचा किल्ला दुसऱ्या बाजूला आहे, वेळ कमी असेल तर सोडून द्या.

खोल्यांचं दसऱ्याआधीच बघा. दिवाळीच्या आठवड्यात किनाऱ्यावरचं एमटीडीसीचं निवासस्थान आणि गावातल्या खोल्या भरून जातात. तिथे नाही मिळालं तर मालगुंडला विचारा, जवळच आहे आणि शांत आहे. तुमच्या सोयाबीनचं आणि हरभऱ्याच्या पेरणीचं उरकलं असेल तर दिवाळीचा गर्दीचा आठवडा सोडून पुढच्या आठवड्यात जा, लेकरांची शाळा दोन दिवस बुडाली तरी चालेल. मात्र तेव्हा भरतीच्या वेळा बदललेल्या असतील. तारीख पक्की झाली की खाली लिहा, पंचांग बघून प्रत्येक दिवसाची वेळ काढून देतो.